कालव्याकाठची सरळ वाट

मैत्री : आणि मग? तुम्ही पुढे होतात, आई मागे होती. तिथून पुढचं सांगा ना, पप्पा. दर वेळी तुम्ही इथेच येऊन थांबता.

(वारज्यातला फ्लॅट, दुपार कललेली. मैत्री आईला डॉक्टरांकडे न्यायला आली आहे; हे डॉक्टर म्हातारपणीच्या विसराळूपणाचे. चंद्रभागाबाई साडी नेसून तयार बसल्या आहेत. सुखदेवराव, निवृत्त अधिकारी, अजून घरच्याच कपड्यांत, मघापासून चष्मा पुसतायत. तो केव्हाच स्वच्छ झालाय, पण पुसायचं थांबलं तर लेकीकडे बघावं लागेल.)

सुखदेव : पुढे काय? ती मागे पडली आणि चुकली. प्रज्ञेशने तुला सगळं सांगितलंय की.

मैत्री : दादा तिथे कुठे होता? तो ऑफिसमध्ये, निकितावहिनी घरी. डॉक्टर विचारणार, पहिल्यांदा काय झालं, कुणी बघितलं. तिकडे इंग्लंडात आईबरोबर फिरायला तुम्हीच जायचात.

चंद्रभागा : अगं, सांग त्यांना, म्हातारी रस्ता चुकली. त्यात काय एवढं इचारायचं? रिक्षा बोलाव.

सुखदेव : 'विचारायचं' म्हण.

चंद्रभागा : विचारायचं.

मैत्री : निदान वाट कशी होती ते तरी सांगा.

सुखदेव : वाट अगदी सोपी. त्या भागात जुने कालवे आहेत. पूर्वी त्यातून कोळशाच्या बोटी जायच्या, काठाने घोडे त्या ओढायचे. त्या घोड्यांची वाट अजून आहे, लोक आता तिच्यावरून फिरायला जातात. चढ नाही, उतार नाही. मध्येमध्ये पाणी वरखाली करायचे लाकडी दरवाजे लागतात, तिथे बसायला बाक. प्रज्ञेश मुद्दाम म्हणाला होता, पप्पा, तुमच्या गुडघ्यांना हीच वाट बरी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कुंपण, पलीकडे शेतं. पुलावर चढलं की गाव. लहान मूलसुद्धा...

मैत्री : लहान मूलसुद्धा काय?

सुखदेव : काही नाही.

मैत्री : लहान मूलसुद्धा चुकणार नाही. दादापण हेच म्हणतो. इतक्या सरळ वाटेवर आई हरवली, म्हणजे केस सिरियस आहे. म्हणून तर घाबरलाय तो.

चंद्रभागा : घाबरट हायच तो. लहानपणी पालीला भ्यायचा.

मैत्री : आई, हसण्यावारी नको ना नेऊ. चार महिने झाले, तुला आम्ही एकटीला खाली भाजीला पाठवत नाही. गॅस पप्पांनी पेटवायचा. धायरीला हिरामावशीकडे बसने जायचीस, ते बंद. पर्समध्ये नाव-पत्त्याचं कार्ड. मला काय हे आवडतं का?

चंद्रभागा : कार्ड बरं हाय. सगळं इंग्रजीत हाय. खरीच हरवले तर मला सोडून सगळ्यांना वाचता येईल.

मैत्री : आणि... हे मी सांगणार नव्हते तुला. दादा म्हणतो, पुढच्या खेपेला आई आली, तर बाळाला तिच्या एकटीजवळ ठेवायचं नाही.

चंद्रभागा : असं म्हणला?

मैत्री : वाईट वाटून नको घेऊ. त्यालापण बोलताना कसंतरीच होत होतं.

चंद्रभागा : न्हाई, वाईट कशाचं? पोर जपाय पायजेच. ते पोर माझ्याच मांडीवर झोपायचं, तेवढंच आपलं.

सुखदेव : हे नको होतं म्हणायला त्याने.

मैत्री : मग काय म्हणायचं त्याने, पप्पा? त्याच्या जागी तुम्ही काय म्हणाला असतात? बरं, आई, तू सांग. त्या दिवशी घरी कशी आलीस?

चंद्रभागा : एक गोरं जोडपं होतं. ते आले सोडायला.

मैत्री : त्यांना पत्ता कुणी सांगितला?

चंद्रभागा : पत्ता कशाला सांगायचा? मीच आले की. पूल चढले, मेंढरांच्या शेताचं फाटक उघडलं, परत लावलं. लावाय लागतं तिथं, न्हाईतर मेंढरं रस्त्यावर येत्यात. मग चर्चच्या मागनं वळले, तिसरं घर. ते आपले माझ्या मागनं. त्यांना वाटत होतं, तेच मला नेतायत.

मैत्री : म्हणजे तुला वाट ठाऊक होती.

चंद्रभागा : आठवली असंल आयत्या वेळंला.

मैत्री : फाटक लावायचंसुद्धा आठवलं?

सुखदेव : मैत्री, पुरे आता. उशीर होतोय. मी शर्ट बदलून येतो.

मैत्री : बसा, पप्पा. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय. मी काही रिक्षाबिक्षा बोलवत नाही.

चंद्रभागा : काय लपवायचंय या वयात? चल गं.

सुखदेव : ती चुकली नव्हती.

चंद्रभागा : अहो, राहू द्या.

सुखदेव : नाही, चंद्रभागा. बाळाला ठेवायचं नाही म्हणतोय तो.

चंद्रभागा : म्हणू द्या. पुढच्या खेपेपर्यंत इसरंल.

सुखदेव : मैत्री, आम्ही रोज जायचो. मी पुढे, ही मागे. माझी चालच तशी, तुला माहीत आहे. त्या दिवशी घरी परतताना बाकापाशी एक जोडपं भेटलं. साधारण माझ्याच वयाचं. हातात फिरायच्या काठ्या, बरोबर कुत्रा. बोलायला लागलो. मी त्यांना आपल्या कालव्याबद्दल सांगितलं, खडकवासल्याहून पाणी कसं येतं ते. माझ्या नोकरीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. आणि ही तिकडे मागे, कुंपणाच्या कडेला, चिखलात बसलेली.

चंद्रभागा : चाकवत होता.

सुखदेव : हो. चाकवत.

चंद्रभागा : कोवळा लुसलुशीत. धायरीत आम्ही पोरी कालव्याच्या कडंनं खुडायचो, ओटी भरभरून. तसाच, पानावर पीठ भुरभुरल्यागत. म्हणलं, प्रज्ञेशला ताकातली पातळ भाजी करून घालावी. किती वर्षांत खाल्ली नसंल.

सुखदेव : साडी वर खोचलेली. अंगात प्रज्ञेशचं जाकीट, ढोपरापर्यंत आलेलं. डोक्याला कानटोपी. पदरात पाला. आणि तिथून हाक मारली मला. 'अहो' म्हणून, शेतातून मारावी तशी.

मैत्री : मग?

सुखदेव : त्या बाईंनी वळून बघितलं. म्हणाल्या, ती बिचारी बरी आहे ना? तुमच्याबरोबर आहे का?

मैत्री : मग, पप्पा?

सुखदेव : मी 'नो' म्हणालो.

मैत्री : म्हणजे?

सुखदेव : म्हणजे तेच. माझ्याबरोबर नाही, म्हणालो. तोंडातून निसटलं असं म्हणता येईल, पण तसंही नाही. मागे घ्यायला वेळ होता. ते तिथेच उभे होते, कुत्रा पाणी पीत होता. नुसतं हसून म्हटलं असतं की अहो ही माझी बायको, तरी निभावलं असतं. मी तोंड उघडलं नाही. कालव्यात बघत बसलो.

मैत्री : आई, तुला हे माहीत होतं?

चंद्रभागा : 'नो' कळतं मला. एवढं इंग्रजी येतं.

मैत्री : आणि तू काही बोलली नाहीस?

चंद्रभागा : ती बाई आली, हात धरून उठवलं मला. चांगली होती बिचारी, माझ्या पदरातला पाला पडला तो पण गोळा करून दिला. काय काय विचारत होती. मी म्हणलं, सन, होम. मग निघालो. तुझे पप्पा बाकावर बसलेले. त्यांच्या पुढनंच जायचं होतं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कुंपण. दुसरी वाट कुठनं आणायची?

मैत्री : तू त्यांच्या समोरून गेलीस?

चंद्रभागा : गेले. खाली बघून. वळख दावली न्हाई.

मैत्री : का पण?

चंद्रभागा : मग काय करायचं होतं? हे माझे मालक म्हणून बोट दावायचं? परक्या माणसांत हे खोटे पडले असते.

सुखदेव : तिचा पदर माझ्या गुडघ्याला लागला जाताना. तरी मी उठलो नाही.

मैत्री : आणि नंतर? घरी?

सुखदेव : ते दोघं परत येताना दिसले, तेव्हा मी झुडपामागे जाऊन उभा राहिलो. ते गेल्यावर घरी आलो. दारातच निकिताने विचारलं, आई कशा काय चुकल्या? म्हणालो, मागे पडली, मला कळलंच नाही. संध्याकाळी प्रज्ञेशने विचारलं, पप्पा, आई हल्ली विसरते का? मी म्हणालो, थोडंफार.

मैत्री : थोडंफार.

सुखदेव : मला वाटलं, विषय मिटेल.

मैत्री : दर जयंतीला विहारात माइक हातात घेऊन कोण बोलतं, पप्पा? माणसाने मान खाली घालून जगू नये, आपल्या माणसाची लाज बाळगू नये... मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात.

चंद्रभागा : त्यांना असं बोलू नको.

मैत्री : तू अजून त्यांचीच बाजू घेणार?

चंद्रभागा : बाजू न्हाई घेत. तुला ठाव न्हाई ते सांगते. ह्यांची नवी नोकरी होती. ह्यांचे वडील गावाकडनं आले बघायला. अनवाणी, खांद्यावर घोंगडी. शिपायानं दाराशीच अडवलं, तर हे मोठ्या साहेबांसंगं बोलत उभे होते ते तसंच सोडून बाहेर आले. सगळ्या हापिसादेखत वडलांच्या पाया पडले. म्हणले, हे माझे वडील. माझा मामा होता तिथं, कामाला आलेला. त्यानं घरी येऊन सांगितलं. मला दुसरी पण दोन ठिकाणं आली होती, एकाची तर शेती होती. मी आईला म्हणलं, मला तो पायजे, बापाला वळख देणारा.

सुखदेव : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

चंद्रभागा : सांगायची येळ आली न्हाई. तसेच होता की तुम्ही.

सुखदेव : आणि त्या दिवशी, माझ्या समोरून जाताना... काय वाटलं तुला?

चंद्रभागा : काय न्हाई. चाकवत निकितानं टाकून दिला. तिथं कुत्री फिरत्यात म्हणली. तिचं पण बरोबर हाय.

सुखदेव : मला माझी लाज वाटते, चंद्रभागा. रोज वाटते. तू गॅसपाशी उभी राहून म्हणतेस ना, अहो, जरा पेटवून देता का, तेव्हा तर कुठे तोंड लपवू असं होतं.

चंद्रभागा : वाटू द्या.

मैत्री : दादाला आत्ता फोन लावा. आत्ता. तिकडे सकाळच आहे. मी लावून देते, हे घ्या.

सुखदेव : हॅलो. प्रज्ञेश, जय भीम. हो, निघतोच आहोत... नाही, म्हणजे निघालो नाही अजून. बाळ काय करतंय? ...बरं. ऐक ना, त्या दिवशी कालव्यावर जरा गैरसमज...

मैत्री : गैरसमज नाही, पप्पा.

सुखदेव : गैरसमज नाही. मी खोटं बोललो. तुझी आई रस्ता चुकली नव्हती. त्या लोकांनी मला विचारलं, ही बाई तुमच्याबरोबर आहे का, आणि मी नाही म्हणालो. ...लाज वाटली. ...कुणाची म्हणजे? तुझ्या आईची. ...नाही रे, विसरत नाही ती काही. तेही मीच सांगितलं तुला. ...प्रज्ञेश? प्रज्ञेश, ऐकतोयस ना?

मैत्री : ठेवला का त्याने?

सुखदेव : नाही. आईला फोन द्या म्हणतोय.

चंद्रभागा : द्या इकडं. प्रज्ञेश, न्याहारी केलीस का? ...बरं. ...अरे, रडतो कशाला एवढा बाप्या माणूस? ...न्हाई, तू कशाची माफी मागतोस? ...आणि निकिताला काय बोलू नको, तिला काय सपान पडलं होतं? पप्पांना पण बोलू नको. मी बघते काय ते. ...हं. ठेव.

मैत्री : मी डॉक्टरांकडे फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल करते.

चंद्रभागा : का? जाऊ की.

मैत्री : आता कशाला, आई? तुला काही झालेलंच नाही.

चंद्रभागा : कुणाला ठाव? परवा मला गॅस पेटवून दिला न् हे खाली गेले, तर दूध उतू गेलं. मागल्या महिन्यात हिराच्या नातीचं नाव आठवंना, निम्मा दिवस आठवंना.

मैत्री : अगं, माझंपण उतू जातं. नावं तर मी रोज विसरते.

चंद्रभागा : माझं पण आधी व्हायचंच की. पण तवा मी हसायची. आता रात्री पडल्या पडल्या सगळ्यांची नावं घेत बसते मनातल्या मनात, कुणाचं राहिलं का बघते. दाराची कडी लावली तरी दोनदा उठून बघते. सगळी मिळून सांगाय लागली ना, मग आपल्याला पण वाटाय लागतं. खरंच असंल तर?

सुखदेव : नाही गं. तू काही विसरत नाहीस. चांगली ठणठणीत आहेस. मी सांगतो ना तुला.

चंद्रभागा : डॉक्टरला सांगू द्या. तवा बी तुम्हीच सांगितलं होतं.