माझ्या मापाची क्षमा

दवाखान्यात बाळाला थोपटत बसले होते. मागच्या बाकावर गळ्यात मापाची टेप अडकवलेली एक बाई आणि तिची धाकटी बहीण बोलत होत्या.

"ताई, जिनं तुला अंगावरच्या कपड्यांनिशी हाकललं, त्या सासूला घरी नेणार?"

"नेणार. हातपाय गेलेत गं तिचे."

"तोंड कुठं गेलंय? उद्या पुन्हा टोचून बोलेल."

"बोलेलच."

"येशू व्हायला निघालीस की काय!"

"त्याच्यासारखी थोडी तरी. पण त्याची क्षमा माझ्या अंगाला फार मोठी होते. इतके दिवस तीच कापून माझ्या मापाची करत होते. आता म्हटलं, प्रभू, कापड राहू दे, मलाच वाढव."

"मग वाढलीस?"

"कुठं! येताना वाटभर भांडले त्याच्याशी. पण आले."

आतून नर्सनं विचारलं, "आजींना उचलायला कोण आहे?"

"चल गं. तू खांदे धर, पाय मी धरते."