नागिणीची लस

कोल्हारच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा लशीसाठी बसले होते. आजी म्हणाल्या,

"नागिनीची लस मला कशाला? मला कुटं नागीन उठलीय?"

"त्यानं इसरभोळेपना बी टळत आसंल, डॉक्टरीनबाई म्हनल्या. नक्की न्हाई, पन आसंल."

"मग तुमीच घ्या. काल डोळ्यावर चष्मा ठिवून चष्मा शोधत हुता."

"मी घेतोच. तू बी घे."

"मी काय इसरले?"

"तेच तर कळायचं न्हाई. जल्मात कदी माझं नाव घेतलं न्हाईस. इसरलीस तर मला कसं कळंल?"

प्रवरेवरच्या वाऱ्यानं खिडकीचा पडदा फुगला, हळूहळू खाली बसला.

"रामहरी."

"ऐकू न्हाई आलं. परत घे."