एकतीस नंबरचा उपास

मंडळी, ऐका हं. आज आधी एक प्रश्न, मग आख्यान. एक माणूस घरात शिरला, ट्रंक फोडली, ऐवज घेऊन पळाला. तो चोर! ह्यात वाद नाही. पण दुसरा एक माणूस तुमच्या घरात शिरलाच नाही. काडीला हात लावला नाही. समोरच्या कट्ट्यावर बसून नुसता तुमच्या दाराकडे बघत राहिला. दूध किती येतं, दिवा कधी लागतो, कोण कधी बाहेर पडतं. आणि वर्षभरानं त्याला तुमच्या घरातली अशी गोष्ट कळली, जी तुम्ही सख्ख्या भावालासुद्धा सांगितली नव्हती! त्यानं नेलं काय? काहीच नाही. मग तो चोर, का साव?

बोला! त्या खांबाशी बसलेल्या मावशी पुटपुटल्या, 'साव'. मावशी, तुमचं घर कुठल्या आळीत? थांबा, सांगू नका! मला कशाला सांगता? मी कोण? आज आलो, उद्या चाललो. गळ्यात हार आहे म्हणून माणूस भला असतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला? संशय घ्या, माझ्यावर पण घ्या! नागनाथराव, तुम्ही पेटी वाजवा, हसू नका. तुमच्यावर तर मी रोजच घेतो.

तर आख्यान जुनं नाही. राजा नाही, राक्षस नाही. एका कॉलेजातल्या पोरीचं आहे. नाव? खरं सांगणार नाही. आपण कौमुदी म्हणू. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, हुशार, आणि स्वभावानं माझ्यासारखीच — संशयी! आणि ह्या आख्यानात पणाला काय लागलंय म्हणाल, तर दुसऱ्याच एका पोरीचं शिक्षण. ते ध्यानात ठेवा.

झालं काय, की विद्यापीठानं एक निबंध लावला. वीस गुणांचा. विषय: बिग डेटा आणि खासगीपणा. आता बिग डेटा म्हणजे काय? घाबरू नका, मलाही नव्हतं माहीत. तुम्ही मोबाइलवर काय बघता, कुठं जाता, काय विकत घेता, किती वाजता झोपता — ह्या बारीकसारीक गोष्टींचा कोट्यवधी माणसांचा जो ढीग, तो बिग डेटा. आणि त्या ढिगात तुमचं म्हणून जे झाकलेलं राहावं असं वाटतं, तो खासगीपणा. झाला की नाही अर्धा निबंध? पण सरोदेबाई, म्हणजे कौमुदीच्या प्राध्यापिका, मोठ्या कडक! त्या म्हणाल्या, "निबंध नंतर. आधी आराखडा आणायचा, आणि वर्गात उभं राहून वाचायचा."

कौमुदीनं आराखडा केला. पहिला मुद्दा, कंपन्या चोर. दुसरा मुद्दा, सरकारवर नजर ठेवा. तिसरा मुद्दा, आपण सगळे बिचारे! बाईंनी वाचला आणि परत केला.

"कौमुदी, ही तक्रार झाली गं. निबंध कुठंय? तुझा प्रश्न काय? तुझं म्हणणं काय? त्याच्या विरोधात कोणी बोललं तर उत्तर काय? आणि उदाहरण? सगळे परदेशातल्याच गोष्टी लिहून आणतात. तुझ्या हातानं तपासलेलं एक तरी उदाहरण आण."

झालं! पोरीच्या मनात किडा शिरला. जिकडे बघावं तिकडे तिला डोळे दिसायला लागले! मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. हो हो, कपाळाची टिकली! दुकानदारानं नंबर विचारला तर म्हणे, "कशाला हवाय?" तो बिचारा म्हणाला, "ताई, सवलतीसाठी." ही म्हणाली, "सवलत नको, सोडा मला." मैत्रिणी हसायच्या. पण मंडळी, एक गंमत बघा. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या ह्या पोरीनं एका माणसावर कधी संशय घेतला नाही. कोणावर? आत्ता नाही सांगत.

वसतिगृहाची खानावळ मालनमावशींची. चौसष्ट मुली. आता आपल्याकडे चौसष्ट मुली म्हणजे उपास किती तऱ्हेचे! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी! आणि साबुदाणा तर आदल्या दिवशी भिजवायला लागतो. म्हणून मावशींचा नियम — उद्या उपास असेल तर आज संध्याकाळी सहाच्या आत सांगायचं. साडेसहाला सांगितलं तर केळं मिळेल, खिचडी नाही! ऑफिसातला क्लार्क रोज ते कॉम्प्युटरवर चढवायचा. प्रत्येक मुलीचं नाव, नंबर आणि पुढं दोन्ही वेळचं एकेक अक्षर. जेवली तर 'ज', उपास तर 'उ', नसली तर 'गै'. शेवटी शेऱ्याचा रकाना. दोन वर्षं असं चाललेलं. हेतू काय? खिचडी वाया जाऊ नये. इतका साधा हेतू!

कौमुदी क्लार्ककडे गेली. "काका, मला ते तक्ते द्याल? निबंधाला हवेत. नावं मात्र काढून टाका. कोणाचा खासगीपणा जायला नको." वा! किती शहाणी! क्लार्कनं नावांचा रकाना पुसला, नुसते नंबर ठेवले, आणि तक्ता दिला. कोणाला विचारलं का? चौसष्टांपैकी एकीला तरी? छे! नाव नाही म्हटल्यावर विचारायचं कोणाला?

रविवारी दुपारी पोरगी तक्ता पसरून बसली. आणि मंडळी, त्या कोऱ्या नंबरांना तोंडं फुटायला लागली! महिनाभर दुपारचं जेवण नाही, नेमका रमजान — तीन नंबर. म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतल्या तिघी. दिवस मावळल्यावर कधीच ताटावर नाही — दोन नंबर. त्या जैनांच्या मुली. नवरात्रात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास, मधे सगळं साफ — ती वरच्या मजल्यावरची, तिच्याकडे उठता-बसता धरतात. सोळा सोमवार लागोपाठ, आणि सतराव्या सोमवारी दोनदा शिरा मागितल्याचा शेरा — अरे, ही तर लग्न ठरलेली! दोरीवरचे कपडे बघून शेजारी कोण पाहुणे उतरलेत ते सांगणाऱ्या बायका आपल्यात आहेत की नाही? आहेत ना? पुरुष हसू नका, तुम्ही पारावर बसून तेच करता! चहा व्हायच्या आत कौमुदीनं चाळीस जणी ओळखल्या. तिला आनंद किती झाला! आपण फार मोठं काही शोधलं, असं वाटलं तिला.

आणि मग तिची नजर एकतीस नंबरवर गेली.

ह्या एकतीसला मी नाव देणार नाही. खोटंसुद्धा नाही. दीड वर्ष हिची एक एकादशी चुकली नव्हती, एक गुरुवार चुकला नव्हता. दोन्ही धरणारी वसतिगृहात एकच, म्हणून कौमुदीनं तिला लगेच ओळखलं. आणि मार्गशीर्ष लागला! एरवी ज्या कधी उपास करत नाहीत, त्यासुद्धा मार्गशीर्षातले गुरुवार धरतात. आणि त्याच महिन्यात हिचा 'उ' बंद! एकदम बंद! गुरुवारी 'ज', एकादशीला 'ज'. शेऱ्यात काय? 'सकाळी सातला पोळी ठेवणे.' रोज! रिकाम्या पोटी राहायचं नाही, सकाळी उठल्याउठल्या खायचं — का? गोळी घ्यायची असणार! पुढं बघितलं, तर पंधरा दिवसांनी एकदा, ठरल्या वारी, दुपारी 'गै'. त्या वारी जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठल्या आजाराचे डॉक्टर बसतात, ते तर बाहेर पाटीवरच लिहिलेलं!

पोरीनं टाळी वाजवली हो! "सापडलं! उदाहरण सापडलं!" आराखड्यात लिहिलं — 'मुलगी अ.' खाली सगळं: उपास कधी सोडले, गोळी कधी, दवाखाना कुठला, आजार कोणता. पण बाई म्हणाल्या होत्या ना, तपासलेलं हवं? म्हणून मंगळवारी सकाळी, वर्गाच्या तासाभर आधी, ही गेली एकतीस नंबरच्या खोलीवर. एकटीच होती ती, केस विंचरत.

"अगं, एक विचारू? तू मार्गशीर्षापासून उपास का सोडलेस? गोळ्या सुरू झाल्यात ना तुझ्या?"

फणी हातातच राहिली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही गं! तक्त्यावरून कळलं. माझ्या निबंधात तू फार छान उदाहरण आहेस. आज वर्गात वाचणारेय."

"वर्गात?" तिनं उठून दार लोटलं. "वर्गात माझी मामेबहीण आहे, कौमुदी. आज बाराला तू वाचलंस, की संध्याकाळी माझ्या घरी फोन जाईल. माझे वडील म्हणालेत, जरा काही दुखलं-खुपलं की शिक्षण पुरे, घरी यायचं. मी आईला अजून सांगते, एकादशी धरते म्हणून. आठ महिने उरलेत गं माझे. फक्त आठ महिने."

"पण मी नाव नाही लिहिलेलं! शपथ! नाव कुठ्ठेच नाही."

तेव्हा एकतीस नंबर काय म्हणाली, ऐका. ओरडली नाही. हळूच म्हणाली,

"मग तू माझ्या दारात कशी आलीस?"

मंडळी, ह्या पोरीनं आठ दिवस जगावर संशय घेतला होता. कंपनीवर, कॅमेऱ्यावर, दुकानदारावर! एका स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला होता. ती तिथंच उभी राहिली, आणि तिला रडू आलं. यायलाच हवं होतं! मला तर तिचा अस्सा राग येतो इथं, की वाटतं आख्यान सोडून द्यावं. पण नाही. पुढचं ऐकण्यासारखं आहे.

बारा वाजले. वर्ग भरला. सरोदेबाई म्हणाल्या, "कौमुदी, वाच." ही उभी राहिली. हातात कागद — त्यातला 'मुलगी अ'चा भाग तिनं जिन्यातच फाडला होता. म्हणाली, "बाई, माझा प्रश्न बदललाय. आधी होता, कंपन्यांना आपलं किती कळतं? आता आहे, नाव काढून टाकलं की त्या नोंदीतून माणूस जातो का? माझं म्हणणं, जात नाही. उदाहरण मी स्वतः. माझा नंबर अठरा. घरी आईला सांगते, चतुर्थ्या चालू आहेत. तक्ता सांगतो, दोन वर्षांत मी एकही चतुर्थी धरलेली नाही. चतुर्थीच्या दिवशी दुपारी मी दोनदा भात घेतलाय!"

वर्ग हसला. हसला, आणि मग काय झालं? हसणं थांबायच्या आत मागच्या बाकावरून एक आवाज: "आणि बाकीच्या गं? अजून कोण कोण उपास मोडतं?" दुसरी म्हणाली, "दाखव ना तक्ता!" तिसरी म्हणाली, "सतरा नंबर कोण आहे, मला माहितीये!" ती मामेबहीण पहिल्या बाकावर, तीही मान वळवून! आणि मंडळी, खुद्द सरोदेबाईंनी हात पुढे केला. "आण बघू तो तक्ता इकडे. मलाही बघायचाय."

कशाला बघायचाय बाईंना? गुण द्यायला? का सहज? तुम्हीच ठरवा. मी कोणाची खात्री देत नाही.

कौमुदी म्हणाली, "नाही देणार, बाई. माझ्याकडची प्रत मी नाहीशी केली."

"मग तुझ्या म्हणण्याला आधार काय? मी गुण कापीन."

"कापा."

आणि कापले! वीसपैकी नऊ. त्या वर्गात सगळ्यांत कमी. वर्गात वाचलेल्या आराखड्यात मुलगी अ कुठंच नव्हती, म्हणून कोणाला कधी कळलं नाही, की हे नऊ कशापायी मिळाले.

मग ती मालनमावशींकडे गेली. सगळं सांगितलं, कोणाचं ते न सांगता. मावशी आधी चिडल्या. "अगो, मी काय हेरगिरी करते का? मला खिचडी किती टाकायची एवढंच कळायला हवं!" हे म्हणाल्या, आणि थांबल्या. एवढंच हवं, तर एवढंच घ्यावं की! दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराशी एक झाकणाचा डबा आला, शेजारी वाटीत चिंचोके. उद्या उपास? टाक एक चिंचोका आत. सहा वाजता मावशी डबा उघडायच्या, अकरा चिंचोके, अकरा जणींचा साबुदाणा! कोण अकरा? मावशींना माहीत नाही. चिंचोके परत वाटीत. क्लार्कला म्हणाल्या, "जुनं सगळं पूस, मी इथं उभी आहे." त्यानं पुसलं. म्हणे. मी बघायला नव्हतो, म्हणून 'म्हणे'.

एकतीस नंबर परीक्षेला बसली, पास झाली. निकाल हातात आल्यावर, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या तोंडानं तिनं आईला सांगितलं. आई रडली, रागावली, आणि सकाळी सातला पोळी करायला लागली. हे सगळं मला कसं कळलं? घ्या संशय, बरोबर आहे! कौमुदीनं सांगितलं, आणि तिनं एकतीस नंबरला विचारून सांगितलं. तिचा निरोप असा, "बुवांना म्हणावं, सांगा. पण आजार सांगू नका."

मी सांगितला नाही. पण मंडळी, मी इथून उभ्यानं तुम्हाला बघत होतो! 'जिल्ह्याचा दवाखाना' म्हटलं, आणि त्या भिंतीकडे दोन डोकी जवळ आली. 'ठरल्या वारी' म्हटलं, तर एका काकांनी बोटं मोजली! मागं कोणीतरी म्हणालं, "अमक्याची पुतणी वसतिगृहात होती ना?" ऐकलं मी! अहो, मी गाव सांगितलं नाही, वार सांगितला नाही, कॉलेज सांगितलं नाही, तरी तासभर तुम्ही जुळवत बसलात! तुम्हाला कोणी पगार दिला? तुमच्याकडे कुठलं यंत्र? त्या पोरीनं तुमचं काय वाईट केलं होतं हो?

आताही, ह्या क्षणी, मनात आहेच ना — आजार कोणता असेल? ही खोड मलाही आहे. मी कौमुदीला विचारलं. ती म्हणाली, "बुवा, मला आठवत नाही." खोटं बोलली. माझ्या तोंडावर खोटं बोलली, आणि मी तिला वाकून नमस्कार केला.

उद्या नळावर कोणी विचारेल, "काय गं, कोण असेल ती?" तर काय म्हणायचं? म्हणायचं, मला आठवत नाही!

चला, नागनाथराव, पट्टी द्या. हात वर घ्या मंडळी, टाळी धरा. नाव घ्यायची एवढी ओढ लागलीय ना तुम्हाला? मग देवाचं घ्या. तिचं नको!