इबिझातली बाबांची झोप

इबिझाला, रात्रभर पार्ट्या चालणाऱ्या त्या बेटावर, सुट्टीत वडिलांना घेऊन गेलेली मी बहुधा एकटीच असेन. मी युरोपात शिकत होते आणि आई गेल्यावर बाबा तिकडे दूर पापाटोएटोला आमच्या घरी एकटेच राहत होते, म्हणून त्यांना बोलावून घेतलं. हॉटेल नेमकं नाइटक्लबला लागून निघालं. रात्रभर भिंती हादरत होत्या. सकाळी मी तावातावाने निघाले.

"कुठे गं?" बाबांनी विचारलं.

"मॅनेजरशी भांडायला. झोप हा माणसाचा हक्क आहे, बाबा."

"अगं, मी मस्त झोपलो."

"या गोंगाटात?"

"तुझी आई गेल्यापासून घरी रात्री कसलाच आवाज नसतो. त्या शांततेनेच जाग येते मला."

मी दारातच थांबले. युरोपातच नोकरी धरणार, हे त्यांना त्या सुट्टीत सांगायचं होतं. सांगितलं नाही. डिग्री घेतली आणि घरी आले.