कॅमेऱ्याकडं पाहू नका

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. वडील आत होते.

"अश्विन, तुया सिनेमा पुरा कधी होते?"

"या धानाच्या रोवणीले करतोच, ताई."

"मागच्या रोवणीले बी हेच मनलं होतं. त्याच्या मागच्या बी."

"मंग काय करू? रोवणी सालातून एकदाच येते. बाबा रोपायचे परे बांधीत फेकता फेकता कॅमेऱ्याकडं पाहतेत, शॉट वाया जाते."

"एखादा शॉट तसाच ठेवला असता तं?"

"नाई जमत. बाबा कामात बुडलेलेच दिसले पाहिजेत, हे पयलेच ठरवलं होतं मी."

"त्यायनं साऱ्या एकोडी गावात सांगून ठेवलं, पोरगा विहारात पडदा बांधून दाखवते मनून. पाहाचं होतं रे त्यायले."

"डॉक्टर काय मनले, ते सांग."

"काचबिंदू हाय. गेलेली नजर परत येत नाई."

"आन् उरलेली?"

"काई उरली नाई."

दार उघडलं. म्हातारा भिंतीला हात लावत बाहेर आला.

"हर्षा, अश्विन आला का?"

"इथंच हावो मी, बाबा."

"या रोवणीले कॅमेरा आनजो. आता नाई पाहत मी त्याच्याकडं."