तुमचा जोडीदार कोण?

नाही, मला एक सांगा, दुसऱ्याची फजिती ऐकल्याशिवाय तुमच्या घशाखाली बियर उतरत नाही का हो? जाता-येता आपलं, 'बिएनवे, ती व्हिसाची गोष्ट सांग', 'बिएनवे, खिडकीतली बाई काय म्हणाली ते सांग'... अरे, माणूस टायर उघडून बसलाय, हात कोपरापर्यंत काळे झालेत, ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघतोय, आणि तुम्हाला गोष्ट पाहिजे! बरं, नाही सांगितली तर तुम्ही उठून त्याच्याकडं जाणार. तो तिखटमीठ लावणार, माझा आवाज काढून दाखवणार आणि स्वतःचा वाटा तेवढा गाळणार. म्हणून सांगतो. नाहीतर मला काय हौस आहे? त्याचं नाव येईलच पुढं, घाई नको.

तर आमची वेर्ना. मिनेसोटाची. मिनेसोटा कुठं आहे ते मला विचारू नका, वर कुठंतरी आहे, बर्फात. भाड्याच्या जीपचं चाक बसलं म्हणून ती माझ्या दुकानात आली, मी पंक्चर काढलं, आणि बाई गेलीच नाही! नऊ वर्षं झाली. आता तुम्हाला सांगायला नको, आमच्याकडं बाई आपली कढई घेऊन घरात आली की ती बायको. पाद्री लागत नाही, वाजंत्री लागत नाही. वेर्नानं कढई आणली, शिवाय बर्फात चालायचे बूट आणले, ते अजून खाटेखाली पडलेत, मांजर त्यात विते. म्हणजे बायकोच झाली की नाही? झाली!

तिचा गुडघा गेला. उठताना कुरकुर, बसताना कुरकुर, एवढा आवाज माझ्या जॅकचा नाही. ऑपरेशन करायचं ते तिकडंच, कारण तिचा विमा तिकडचा. आणि एक दिवस केळी सोलता सोलता मला म्हणाली... तुम्ही तिची भाषा ऐकलीय ना? नऊ वर्षांत त्या बाईला मी बाप्या आहे की बाई, हे काही ठरवता आलं नाही. म्हणाली, "बिएनवे, मला बेशुद्ध करणार. मी जागा होईन तेव्हा पहिला तोंड तुझी पाहिजे."

मी म्हटलं, "असेल. पहिला तोंड माझीच असेल."

मग सुरू झालं! बाई जन्मभर शाळेत गणित शिकवलेली, आणि मी तिसरीतून पळालेला, मास्तरच्या डोक्यात आंबा घालून. म्हातारपणी पुन्हा मास्तरीण नशिबी आली. उभा पंखा टेबलावर ठेवायची, त्याच्या जाळीमागं बसायची, म्हणे ही व्हिसाची खिडकी. पंखा चालू! आवाज कसा येणार मग? "बि-ए-न-वे, क-शा-सा-ठी जा-ते?" मी म्हणायचो, "गुडघ्यासाठी. म्हणजे माझा नाही, माझा चांगलाय, तसा डावा जरा धरतो, एकदा ट्रकचं चाक पडलं होतं त्यावर, तो ट्रक नारळवाल्याचा, आणि नारळवाला म्हणजे असला भामटा..." की लगेच पट्टी आपटायची टेबलावर. "विचारली तेवढाच सांग!"

विचारली तेवढाच सांग. सकाळी कॉफी घेताना तेच, रात्री मच्छरदाणी लावताना तेच. "कुठे जाते?" "न्यूयॉर्क." फाट! पट्टी. अहो, आमच्याकडं विमानात बसला तो न्यूयॉर्कला गेला, मग उतरू दे कुठंही! "मिनेसोटा, मिनेसोटा!" "बरं, मिनेसोटा." "परत कशाला येते?" "त्या बर्फात कोण राहील?" "चांगली! ही चांगली उत्तर. आता सांग, वेर्ना तुझा कोण?" मी छाती काढून म्हटलं, "बायको!"

फाट!

"बायको नाही! लग्नाची कागद नाही. अर्जात मी खरं लिहिला, लग्न नाही. तू बायको म्हणली तर ती विचारणार, कागद कुठे? जोडीदार म्हण. जोडीदार!"

आता ऐका. सगळं वाटोळं या एका शब्दात आहे. आमच्या या रिओ सान हुआनमध्ये कुणालाही विचारा, जोडीदार म्हणजे कोण? डोमिनोच्या टेबलावर समोर बसतो तो. बायको शेजारी झोपते, जोडीदार समोर बसतो. आणि माझ्यासमोर डोन्या फाउस्ताच्या दुकानाबाहेर, बदामाच्या झाडाखाली, तीस वर्षं एकच माणूस बसलाय... एलाडियो पेगेरो!

आलं नाव. थुंकू द्या मला.

एलाडियो म्हणजे माझ्या पोरीला बाप्तिस्म्याला हातात धरलेला माणूस. म्हणजे सख्ख्या भावाच्या वर. मी त्याला कोंपाद्रे म्हणतो, तो मला कोंपाद्रे म्हणतो. एकदा पुतणीकडं न्यूयॉर्कला... म्हणजे खरोखरच्या न्यूयॉर्कला जाऊन आला, तेव्हापासून भर उन्हात लोकरीची टोपी घालून फिरतो, घाम कानातून गळतो, पण टोपी उतरत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. सांगणारच की! तर हा टोपी मागं सारून म्हणतो, "कोंपाद्रे, मास्तरणीचं काय ऐकतोस? ती स्वतः कधी त्या खिडकीसमोर उभी राहिलीय का? तिला काय माहीत? मी राहिलोय. तुझी तयारी मी घेतो."

आणि घेतली की हो! रोज संध्याकाळी. सोंगट्या वाटायच्या, मी माझ्या सोंगट्या लावून बसलो की हा नाकात बोलायला लागायचा, खिडकीतल्या साहेबासारखा, "सेन्योर, तुमचा जोडीदार कोण?" मी म्हणायचो, "वेर्ना." हा सोंगटी धाडकन आपटायचा टेबलावर, "नामंजूर! पुढचा!" सगळे खो-खो हसायचे. फाउस्ता काउंटरवर पोट धरून हसायची. "सेन्योर, पुन्हा विचारतो, तुमचा जोडीदार कोण?" कंटाळून मी म्हणायचो, "एलाडियो पेगेरो, तुझ्या टाळक्यात वीज पडो!" "मंजूर! जा विमानात बस!" की पुन्हा हसणं. मला वाटलं चेष्टा आहे. तुम्हालाही तेच वाटलं असतं. घरी पट्टीवाली म्हणायची जोडीदार वेर्ना, झाडाखाली टोपीवाला म्हणायचा जोडीदार एलाडियो, आणि जीभ बिचारी एक! तिनं ज्याला रोज 'मंजूर' मिळायचं तेच उत्तर धरून ठेवलं.

राजधानीला गेलो. ती बस म्हणजे मासळी ठेवायची पेटी, गार वारा सोडून सोडून माणसाचं बर्फ करतात. मी कुडकुडायला लागलो तर वेर्ना म्हणाली, "छान. मिनेसोटाचा सराव." कचेरीच्या दारात तिला अडवलं, ज्याला बोलावलंय तोच आत. तिनं माझी कॉलर नीट केली. पट्टी नव्हती हातात, तरी म्हणाली, "बिएनवे. विचारली तेवढाच सांग."

आत पन्नास माणसं, सगळ्यांनी मिशीपर्यंत पावडर लावलेली, जणू बारशाला आलेत. खिडकीत केस घट्ट बांधलेली एक बाई. माझं नाव वाचलं. आता माझं नाव काय? बिएनवेनिदो! म्हणजेच 'या, स्वागत आहे'! आईनं चांगलं समजून ठेवलं होतं. बाई गालात हसली, म्हणाली, "नाव तर झकास आहे." मी म्हटलं काम झालं!

"कुठे जाणार?"

"न्यूय... मिनेसोटा!"

"कशासाठी?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. वेर्नाच्या." बघा, ट्रक नाही काढला, नारळवाला नाही काढला! विचारलं तेवढंच!

"परत याल?"

"त्या बर्फात कोण राहील?"

पुन्हा हसली. शिक्का उचलायला हात निघालेला मी डोळ्यांनी पाहिला. देवाशप्पथ पाहिला. आणि तेवढ्यात, खाली बघत, अगदी सहज, नाकात, हो नाकातच बोलली ती...

"सेन्योर, तुमचा जोडीदार कोण?"

आणि माझ्या तोंडून... थांबा, घोटभर घेऊ द्या. माझ्या तोंडून तोफेचा गोळा सुटावा तसं सुटलं, "एलाडियो पेगेरो!"

बाईनं कागद बघितला, मला बघितलं. "इथं तर वेर्ना हाल्वर्सन लिहिलंय."

"ती वेगळी."

"वेगळी म्हणजे? आणि हे सेन्योर पेगेरो किती वर्षांपासून?"

"तीस वर्षं."

"एकत्र राहता?"

"छे हो! त्याला बायको आहे. आम्ही फक्त संध्याकाळी भेटतो. दुकानासमोर. सगळ्यांदेखत."

बाईचा आवाज एकदम मऊ झाला. "सेन्योर, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"लाजायचं काय त्यात? गावात आमच्यासारखी जोडी नाही!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "मग या वेर्ना कोण?" तिनं विचारलं. आता मला घाम फुटला, आता मला कळलं मी कुठल्या खड्ड्यात चाक घातलंय, आणि मी बाहेर काढायला गेलो, "बायको! ती बायको आहे माझी!" तर बाई म्हणते, "अर्जात लग्न झालेलं नाही असं आहे." मी म्हटलं, "झालेलं नाही, पण झालंय. तिनं कढई आणली ना!" मग मी कढई सांगितली, बूट सांगितले, मांजर सांगितलं, डोमिनो सांगितला, नारळवाल्याचा ट्रकसुद्धा सांगितला, जे जे विचारलं नव्हतं ते सगळं सांगितलं... बाईनं खिडकीखालून एक चिठ्ठी सरकवली. "या वेळी नाही जमत, सेन्योर बिएनवेनिदो. पुन्हा अर्ज करा."

पुन्हा म्हणजे कधी? पुढची तारीख वर्षानं! गुडघा थांबणाराय वर्षभर?

बाहेर आलो. रस्त्यापलीकडं भिंतीच्या सावलीत वेर्ना बसली होती. मी आत असताना तिनं जुन्या कपड्यांच्या बाजारातून माझ्यासाठी कोट आणला होता, हा असा जाड, मेंढीसारखा. त्या उन्हात तो मांडीवर घेऊन बसली होती बिचारी, पिल्लू धरावं तसा. माझं तोंड बघून तिला कळलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू काय बोलली?"

मी म्हटलं, "एलाडियो."

आधी ती हसली. हसता हसता वाकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसू संपलं तरी पाणी येतच राहिलं. मी काय करणार? कोट अंगात घातला. उभा राहिलो तसाच, भर दुपारी, रस्त्यावर. तिला जरा बरं वाटावं म्हणून.

परत आलो. झाडाखाली टोपीवाला बसलेला. "नाही मिळाला? अरेरे, कोंपाद्रे! अरेरे!" मान हलवतोय, पण मिशा हसताहेत. "जाऊ दे. म्हणजे आल्ताग्रासिया माउलीच्या जत्रेला तू इथंच आहेस तर! डोमिनोची स्पर्धा आहे, बक्षीस बोकड आहे, काळा, असला माजलेला..." आणि फाउस्ता, देव तिचं भलं करो, बिचारी भोळी, आतून ओरडली, "तुमच्या दोघांचं नाव तर यानं तीन राजांच्या सणालाच दिलंय की! म्हणाला, बिएनवे कुठं जात नाही, मी बघतो!"

तीन राजांचा सण मी राजधानीला जाण्याच्या आधी होता.

आलं लक्षात? बोकडासाठी! जोडीदार जाऊ नये म्हणून! हा अस्तनीतला निखारा रोज संध्याकाळी नाकात बोलून माझ्या जिभेवर स्वतःचं नाव गोंदत होता! मी सोंगट्या ओढल्या आणि नेहमीसारखा खेळलो. वेर्ना एकटी गेली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवून तिला नेलं, मागं वळून हात केला तिनं, आणि मी कोट घातलेला, कारण तिनं सांगितलं होतं घाल म्हणून. लोक बघत होते.

तिचं ऑपरेशन ज्या दिवशी, त्याच दिवशी स्पर्धेचा शेवटचा डाव. मिनेसोटात तिला बेशुद्ध करत होते, आणि मी झाडाखाली बसलो होतो, समोर हा टोपीवाला. सगळं गाव भोवती. बोकड बांधलेला. सबंध जत्रा मी असा खेळलो, असा खेळलो, की लोक म्हणाले म्हाताऱ्याच्या अंगात आलंय. वाघासारखा खेळलो! का? कारण माणसाला पाडायचं तर आधी वर चढवावं लागतं.

शेवटचा हात. एलाडियो डावा कान खाजवायला लागला. तीस वर्षं समोर बसलोय, मला माहीत आहे, डावा कान म्हणजे त्याच्या हातात डबल सहा अडकलाय. एका टोकाला सहा उघडा होता. बाकीचे सहा सगळे पडून गेलेले, शेवटचा एकच उरलेला, तो माझ्या मुठीत. दुसऱ्या टोकाला माझ्याकडं खेळायला सोंगटी होती. ती खेळलो असतो, की तो डबल सहा लावणार, डाव आमचा, बोकड आमचा. एलाडियो माझ्याकडं बघतोय, डोळ्यांनी भीक मागतोय.

मी माझा सहा उचलला. सावकाश. आणि त्या उघड्या सहावर ठेवला. आता सहाला बसायला कुठं जागाच उरली नाही.

मेला! त्याचा डबल सहा फासावर लटकला! स्वतःच्या जोडीदारानं लटकवला! आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं, आईशप्पथ, बायका किंचाळल्या, एका म्हाताऱ्यानं छातीवर क्रूस काढला. एलाडियोनं टोपी उतरवली. पहिल्यांदा! आत टक्कल, घामानं शिजलेलं. म्हणतो, "कोंपाद्रे, हे काय केलंस?" मी नाकात म्हटलं, "नामंजूर, सेन्योर. पुढचा!"

बोकड दुसऱ्यांनी खाल्ला. वास आमच्या घरापर्यंत येत होता. मी आत बसलो होतो, फोनसमोर. वेर्ना शुद्धीवर आली तेव्हा एका नर्सनं फोन तिच्यासमोर धरला. ती डोळे बारीक करून म्हणाली, "बिएनवे, तू फार लहान दिसते." फोनात ना, एवढासा!

आता ती आलीय परत, नव्या गुडघ्यानं उड्या मारते, मला म्हणते सोडून दे, माफ कर. खिडकीतल्या बाईला मी कधीच माफ केलं, तिनं विचारलं तेवढंच विचारलं. फाउस्ताला माफ करायचं काही नाहीच. आणि तो? तो गावभर सांगत फिरतो की डबल सहाबद्दल मीच त्याची माफी मागायची! रोज संध्याकाळी अजून बसतो आम्ही समोरासमोर, दुसरं कोण बसणार आमच्याबरोबर? बोलत नाही, खेळतो. हरतो. ट्यूबमधली हवा बघता बघता माझी जायची वेळ येईल, तरी तो मागायचा नाही, मला माहीत आहे. तरी तुम्हाला बाहेर विचारलं कुणी, की म्हाताऱ्याची माफी कुणी मागायची राहिलीय, तर सांगा, एलाडियो पेगेरोनं. आमच्याकडं माणसाला दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं; त्याचं आईकडचं आडनाव मी घेत नाही. ती बाई चांगली होती.