चारचौघांत

(दक्षिण युटातलं एक गाव. मे महिन्यातल्या रविवारची संध्याकाळ. साठी ओलांडलेल्या दोन बहिणी फोनवर बोलतायत. आर्विलाच्या घरी टीव्हीवर एक नवरा आणि तीन बायकांची मालिका चालू आहे.)

आर्विला : ...आणि तिसरी बायको स्वयंपाकघरात बसून नखं रंगवतेय. नखं! तिघींची मिळून सात पोरं, आणि ओट्यावर एक खरकटं भांडं नाही.

नेड्रा : मग पाव कोण भाजतं?

आर्विला : कोणी नाही. विकत आणतात.

नेड्रा : अगं बाई! तुझी आई आणि माझी आई मिळून रोज बारा पाव भाजायच्या.

आर्विला : आणि भांडायच्या कशावरून, तर भट्टीत आधी कोणाचे जाणार यावरून. इथे सगळी भांडणं नवऱ्यावरून. आपल्या आयांना तेवढी फुरसत होती कुठे?

नेड्रा : हळू बोल. आज रविवार आहे.

आर्विला : वा! ते चॅनल घरात घेणं पाप, आणि दर रविवारी माझ्याकडून अख्खी गोष्ट वदवून घेणं पुण्य?

नेड्रा : मी बघत नाही. फक्त ऐकते. आज चर्चमध्ये सिस्टर लुंडने या मालिकेविरुद्ध सह्या गोळा केल्या. म्हणाली, आपल्या चर्चने जास्त बायका करणं केव्हाच सोडलं, असले लोक आपल्यातले नव्हेतच. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

आर्विला : आणि तू?

नेड्रा : मीही डोलावली.

आर्विला : शाबास! एक बाप, दोन आया, अठरा भावंडं, आणि बाईसाहेब मान डोलावतायत.

नेड्रा : सही नाही केली पण. चष्मा विसरले म्हटलं.

आर्विला : थांब, थांब. आता दुकान दाखवतायत. धाकटी बायको मुलीला बजावतेय, लोकांत बाबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं. हे मात्र बरोबर घेतलंय हं. नवरा पलीकडे उभा आहे, अनोळखी असल्यासारखा. आणि... अरे देवा. म्हणालीच की कार्टी! 'बाबा!' सगळे वळून बघतायत.

आर्विला : नेड्रा? ऐकतेस ना?

नेड्रा : बंद कर ते.

आर्विला : काय झालं गं?

नेड्रा : बंद कर ना, आर्विला.

आर्विला : केलं. हे बघ, केलं. बोल आता.

नेड्रा : तुला चारचौघांत तसं म्हणायची मुभा होती. तुझी आई कागदावरची बायको. मला मात्र दाराबाहेर पाऊल टाकताना दर वेळी बजावायचे. मी सहा वर्षांची होते. कापडाच्या दुकानात निळी फीत दिसली आणि ओरडले, 'बाबा, ही बघा!' तिसऱ्या आठवड्यात शेरीफ दारात. दोन बायका केल्या म्हणून त्यांना अडीच वर्षं तुरुंग. माझ्या एका शब्दापायी.

आर्विला : तुला कोण म्हणालं असं?

नेड्रा : कोणी कशाला म्हणायला हवं?

आर्विला : अगं वेडे! त्या सकाळी नऊ घरांपुढे गाड्या उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे यादी होती, नावानिशी. खटल्याचे कागद आईच्या पेटीत होते, मी स्वतः वाचलेत. पहिली साक्ष तुझ्या फितीच्या सात महिने आधीची आहे.

नेड्रा : सात महिने?

आर्विला : सात. तुझा काडीचाही संबंध नाही.

नेड्रा : साठ वर्षं झाली. तू कधी बोलली नाहीस.

आर्विला : तू तरी कधी बोललीस? मला काय स्वप्न पडणार होतं, की तू हे उरावर घेऊन बसली आहेस?

नेड्रा : ते सुटून आले, तरी मी पुन्हा कधी बाबा म्हटलं नाही. घरातसुद्धा नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात चमच्याने पाणी पाजतानाही मी म्हणाले, 'काका, घ्या.' वाटायचं, तोंडातून तो शब्द निघाला की परत येतील त्यांना न्यायला.

आर्विला : आणि त्यांना वाटायचं, तू रागावली आहेस. अडीच वर्षं टाकून गेले म्हणून.

नेड्रा : मी? त्यांच्यावर?

आर्विला : त्या दिवशी दुकानात तुझा हात माझ्या हातात होता. तुला तो शब्द आठवतो, पुढचं काही आठवत नाही.

नेड्रा : मी खाली बघत होते.

आर्विला : मी वर बघत होते. दुकानदार थबकला, दोन बायका कुजबुजायला लागल्या. 'तुझे बाबा घरी आहेत, बाळ' असं म्हणून हसून वेळ मारून नेता आली असती बाबांना. नाही नेली. टोपी काढली, तुझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, 'कुठली गं? दाखव बाबाला.' एक वार फीत घेतली. घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

नेड्रा : 'बाबाला' म्हणाले?

आर्विला : अगदी मोठ्याने.

आर्विला : रडतेस होय गं? रड, रड. मी आहे फोनवर. मला काही घाई नाही.

नेड्रा : तुझी मालिका संपली असेल.

आर्विला : गेली खड्ड्यात. बरं, उद्या स्मरणदिन. बाबांच्या थडग्यावर वाहायला लायलॅकची फुलं कापून बादलीत ठेवलीत. नेहमीसारखं सहाला निघू ना, दफनभूमीत गर्दी व्हायच्या आत?

नेड्रा : नको. दहाला निघू.

आर्विला : दहाला? अगं, अख्खं गाव लोटलेलं असतं तिथे.

नेड्रा : म्हणूनच. मला बाबांना हाक मारायची आहे.